तुळाजी सशाचं चिलखत

मुलांनो, एका जंगलात हार्डवेअरचं दुकान होतं. ते साळिंदरशेठचं. जंगलात नळ नव्हते, दारं नव्हती, तरी दुकान चालायचं. कसं, ते मोठ्या माणसांना विचारू नका. ती चिडतात.

त्याच जंगलात तुळाजी नावाचा ससा राहत होता. विजयदिनाच्या नाटकात त्याला सेनापतीचं काम मिळालं. विजय कोणावर मिळवला होता हे कुणालाच आठवत नव्हतं, पण दिन दरवर्षी थाटात व्हायचा.

तुळाजीनं मन लावून चिलखत केलं. तेलाचा डबा कापून छाती केली. तारेत वॉशर ओवून कमरेची जाळी केली. खांद्यांवर नळाचे वाकडे एल्बो बसवले, गुडघ्यांना कपाटाच्या बिजागऱ्या. वरून चंदेरी रंग.

"अहो, ही डोक्यावर माझी चाळणी ना?" बायको यसूनं विचारलं.

"शिरस्त्राण आहे ते."

"असू दे. पीठ चाळताना काढून द्या म्हणजे झालं."

नाटक रंगात आलं आणि झाडीतून खराखुरा लांडगा आला. प्रेक्षक पळाले. सिंहमहाराज सगळ्यांच्या पुढे पळाले, कारण राजानं नेहमी पुढे असावं. तुळाजीही पळणार होता. पण बिजागऱ्या उलट्या बसल्या होत्या. गुडघे वाकेचनात. तो भीतीनं लटलटा कापू लागला आणि वॉशर खणखणू लागले.

लांडग्यानं त्याच्या खांद्याला कडकडून चावा घेतला. एल्बो पक्का होता. सुळा तुटला. लांडगा विव्हळत निघून गेला.

महाराज परतले. "धन्य तुझी! सगळे पळाले, तू एकटा उभा राहिलास!"

"महाराज, पळायचं मलाही होतं. बिजागरी अडकली."

"वा! शूर, आणि वर किती विनयशील!"

तुळाजी खराच सेनापती झाला. हुकूम निघाला की यापुढे प्रत्येक सशानं चिलखत घालावं. साळिंदरशेठनं दुकानाला आणखी एक बीळ जोडलं.

"बिजागऱ्या तेवढ्या सुलट बसवा हो," तुळाजी महाराजांना कळवळून म्हणाला.

"सेनापतींनी बसवल्या तशाच बसतील. परंपरा आहे ती."

"परवाचीच आहे, महाराज."

"म्हणून तर जपायला हवी!"

मग अस्वलं रोज सशांना उचलून मैदानात रांगेनं उभं करू लागली. "एकही जण हलत नाही. याला म्हणतात शिस्त!" महाराज म्हणायचे. तुळाजीला मात्र घास गोड लागेना. नाटकाची हौस आपली आणि अडकले सगळे, हे त्याच्या मनातून जाईना.

एका सकाळी लांडगे टोळीनं आले. महाराजांनी गुहेतून "लढा!" अशी गर्जना केली आणि ते आणखी आत गेले.

अंगाला खाज सुटली म्हणून तुळाजीनं नुकतंच चिलखत उतरवलं होतं. तो मोकळा होता. आता तो पळाला. पण पळाला मैदानाकडे, हातात पेचकस घेऊन. तो प्रत्येक चिलखताचा पाठीमागचा स्क्रू सैल करायचा आणि यसू आतल्या सशाला ओढून काढायची. चिलखत तसंच उभं.

"पळा रे, बिळात शिरा!"

शेवटचा ससा बिळात गेला, तेव्हा लांडगा तुळाजीच्या पाठीशी येऊन ठेपला होता. शेपटीचा गोंडा त्याच्या तोंडात सोडून तुळाजी आत शिरला.

लांडगे रिकाम्या चिलखतांवर तुटून पडले. आधी दात गेले, मग लांडगे गेले.

महाराज बाहेर आले. मैदानात चिलखतं रांगेनं उभी होती. महाराजांचे डोळे भरून आले. प्रत्येक चिलखताला पदक मिळालं. तुळाजीवर खटला भरला गेला. आरोप असा, की ऐन लढाईत त्यानं सगळं सैन्य पळवून लावलं.

"पण महाराज, एकही ससा मेला नाही!"

"तेच तर! हुतात्माच नाही, मग स्मारक कोणाचं बांधायचं?"

तुळाजीला हद्दपार केलं. यसू त्याच्याबरोबर निघाली. तिच्यामागून हळूहळू सगळेच ससे निघाले. कुणी अडवलं नाही. महाराज तेव्हा चिलखतांची सलामी घेत होते.

तात्पर्य : संकटात जो जागचा हलत नाही तोच खरा शूर. आत कुणी असलंच पाहिजे असं नाही.