सोनवणे सरांची आकृती

आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत सकाळी तुमच्या गाडीच्या धुळीवर कुणी मूत्रपिंड काढलेलं दिसलं, तर वॉचमनला झापू नका. ते सोनवणे सरांचं काम. धूळ दिसली की त्यांच्या बोटाला राहवत नाही.

सरांनी मरोळच्या एका शाळेत जन्मभर नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवलं. रिटायर झाले, पण वर्ग काही सुटला नाही. 'कसा आहेस?' असं ते विचारतच नाहीत. 'काय रे, यकृत काय म्हणतंय?' आपण 'मजेत' म्हणून सटकायचं. चुकून 'गुडघा दुखतोय' म्हणालात की मेलात. 'थांब, आकृती काढून दाखवतो.' मग पेपरची कड म्हणू नका, इस्त्रीवाल्याचा कागद म्हणू नका, मिळेल त्यावर सांधा, कूर्चा, अस्थिबंध, आणि प्रत्येकाला सरळसोट बाण. वर दम, 'नावं दिली नाहीत तर अर्धेच मार्क.' एकदा लिफ्ट अडकली, तर आतल्या माणसांना त्यांनी श्वासपटल शिकवलं. लिफ्ट सुरू झाली तरी दार धरून ठेवलं होतं, उच्छ्वास राहिला होता म्हणून.

फक्त हृदय ते काढत नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणतात, 'पुस्तकात चांगलं दिलंय.' काकू, म्हणजे सरांची बायको, हार्ट अटॅकने गेल्या तेव्हापासूनचं हे, म्हणून आम्हीही विषय काढत नाही. काकूंची आठवण झाली की अजून वाईट वाटतं. सरांची प्रत्येक आकृती शेवटपर्यंत बघून 'छान झालीय' म्हणणारं ते एकच माणूस होतं.

परवा रविवारी सर आमच्याकडे चहाला आले होते. माझी बायको नीता छातीखाली हात दाबत म्हणाली, 'जळजळतंय ओ. सकाळची मिसळ बाधली बहुतेक.'

मी लगेच पेपर आणि पेन सरांपुढे सरकवलं. 'घ्या सर, जठर.'

सरांनी पेनला हात लावला नाही. उभे राहिले. 'रिक्षा आण.'

'अहो सर, अ‍ॅसिडिटी आहे.'

'रिक्षा आण म्हणतो ना.'

सर माझ्यावर असे कधी ओरडले नव्हते. मी धावलो. मागून नीताचा दंड धरून सर उतरले, पायात माझ्याच चपला.

दवाखान्यात ईसीजी काढला. नॉर्मल. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, अ‍ॅसिडिटीची. माझा जीव भांड्यात पडला. बाहेर बाकावर सर बसले होते. मी म्हटलं, 'मिसळच निघाली सर. उगाच घाबरवलंत.'

सर हसले नाहीत. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिले.

'आमच्या हिलाही असंच जळजळत होतं रे,' ते म्हणाले. 'मी जठर काढलं. आम्ल वर कसं येतं ते दाखवलं. घामाने भिजली होती, पण मधे एक शब्द बोलली नाही. सगळी नावं देऊन होईपर्यंत बसून होती.'