पावलं कमी पडली की

तोताराम बोरोले यांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आलं आणि तिसऱ्याच आठवड्यात त्यांच्या मुलीचा रोजचा फोन बंद झाला.

भांडण वगैरे काही झालं नव्हतं. उलट सगळं फार सुरळीत चाललं होतं, आणि घोटाळा तिथेच होता.

ज्योत्स्ना बंगळुरूला कंपनीत. गेल्या दिवाळीत तोतारामांच्या छातीत कळ आली, हृदयाच्या नळीत एक स्प्रिंग बसवावी लागली, तेव्हापासून ती रोज संध्याकाळी साडेसातला फोन करायची. "नाना, जेवले का? गोळी घेतली का? फिरायला गेले होते का?" तोताराम सात वाजल्यापासूनच मोबाइल मांडीवर घेऊन बसायचे. मग तिने घड्याळ पाठवलं. त्यात सिमसुद्धा होतं. घड्याळ जाईल तिथून पावलं, नाडी, झोप असं सगळं थेट तिच्या मोबाइलवर दिसायचं. "आता मला विचारायची गरजच नाही नाना," ती खुशीत म्हणाली होती. "रोज दहा हजार पावलं पूर्ण करायची, बस."

तोताराम चौतीस वर्षं वीजमंडळात वायरमन होते. फैजपूर ते यावल केळीच्या बागांमधून तारांखालून त्यांनी जेवढी पायपीट केली तेवढी कुणी मोजली नव्हती. त्यामुळे दहा हजार म्हणजे काय मोठं, असं त्यांना वाटलं. पहिल्याच दिवशी गुडघ्यांनी सांगितलं काय मोठं ते. शिवाय जळगावचा मे महिना. सकाळी आठनंतर पिंप्राळ्याच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. तरी ते पहाटे पाचला उठून कॉलनीला चकरा मारायचे, उरलेली पावलं संध्याकाळी गच्चीवर भरून काढायचे आणि दहा हजार करून दाखवायचे. मुलीने सांगितलं होतं ना.

साडेसातला मोबाइल वाजायचा. फोन नसायचा. नुसता एक पिवळा अंगठा आलेला असायचा.

"काय म्हंते पोरगी?" सुगंधाबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या.

"अंगठा दाखोते," तोताराम म्हणायचे.

एका मंगळवारी गुडघा फारच सुजला. तोताराम दिवसभर पाय लांब करून पडून राहिले. घड्याळात तीन हजारही भरले नाहीत. आणि साडेसातला चक्क फोन वाजला.

"नाना! आज काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

फोन बावीस मिनिटं चालला. गुडघ्यावरून विषय निघाला तो तिच्या घरमालकिणीवर गेला, तिथून आईच्या कुरडयांवर, तिथून बंगळुरूत वांगी कशी पाणचट मिळतात यावर. सुगंधाबाईही बोलल्या. फोन ठेवल्यावर सुगंधाबाईंनी त्यांच्या गुडघ्याखाली उशी सरकवली.

"गुडघा दुखला ते बरं झालं," त्या म्हणाल्या.

"हा," तोताराम म्हणाले. "उद्याबी दुखीन."

पण कमी चालणं हे चालण्याहून अवघड आहे हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. ते खुर्चीतून उठलेच नाहीत, फक्त भरतासाठी भाजलेली वांगी मांडीशी घेऊन ठेचत बसले. ठेचून झाल्यावर पाहतात तर घड्याळात सहाशे पावलं. संध्याकाळी शेजारच्या भजनाला बसून टाळ्या वाजवल्या तर तीन हजार. गुरुवारी स्कूटरवरून गावात जाऊन आले. रस्ता पाइपलाइनसाठी खणलेला. घरी येईपर्यंत घड्याळाने चार हजार पावलं जमा केली आणि वर मनगटावर थरथरून शाबासकी दिली.

तोतारामांमधला वायरमन जागा झाला. ज्या मीटरवर भरवसा नाही तो तपासायचा. त्यांनी अंगणात मोठ्याने मोजत बरोबर शंभर पावलं टाकली. घड्याळाने एक्क्याऐंशी दाखवली. मग दोन्ही हात मागे बांधून शंभर टाकली, तर चौतीस. मग एका जागी उभं राहून सुगंधाबाईंना पंख्याने वारा घातला, तर दीडशे.

"अवो, हे चालणं मोजतच नाही!" ते वैतागून म्हणाले. "हे हात मोजते."

"मंग हात बांधून बसा."

"दिवसभर?"

"नाहीतर काढून ठेवा ते."

काढून ठेवलं तर नाडी दिसणार नाही आणि पोरगी घाबरेल. घड्याळ जिवंत मनगटावर तर हवं, पण ते मनगट हलायला नको. असं मनगट पिंप्राळ्यात एकच होतं.

चुडामणभाऊ नेहेते शेजारच्याच घरात राहायचे. तहसील कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले तेव्हापासून अकरा वर्षं ते ओट्यावरच्या खुर्चीत बसलेले होते. पेपर सुनेने हातात द्यायचा, चहा नातीने. अंगावर माशी बसली तर ती आपणहून उठेपर्यंत ते वाट पाहायचे. तोतारामांनी त्यांना सगळी हकीकत सांगितली.

"म्हंजे मले करायचं काय?" चुडामणभाऊंनी विचारलं.

"काहीच नाही."

"ते जमते मले," चुडामणभाऊ म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

शुक्रवारी घड्याळाने सहाशे चाळीस पावलं दाखवली. फोन आला. शनिवारी पाचशे दहा. फोन आला आणि अर्धा तास चालला. रविवारी चुडामणभाऊंची बैठक इतकी पक्की जमली की ज्योत्स्नाने दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा असे दोन फोन केले. "नाना, असं नका करू हो. मला काळजी वाटते," ती म्हणाली तेव्हा तोतारामांना खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण लगेच तिने विचारलं, "बरं, आज काय भाजी केली आईने?" आणि ते सगळं विसरले.

सोमवारी सकाळी चुडामणभाऊंचा भाचा जीप घेऊन दारात आला. फैजपूरला त्याच्या मुलाचं लग्न. मामा येणार नाहीत असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, पण ऐनवेळी कुणीतरी म्हणालं, मामाशिवाय कसं? दोघांनी त्यांना खुर्चीतून उचलून जीपमध्ये बसवलं. मनगटावर काय आहे हे चुडामणभाऊंच्या लक्षातच नव्हतं. इतकी हलकी वस्तू लक्षात राहायला माणसाने हात तरी हलवला पाहिजे.

फैजपूरला वरात निघाली. ऊन चव्वेचाळीसचं. बँडवाल्यांनी एक जुनं गाणं धरलं आणि काय झालं कोण जाणे, चुडामणभाऊ नाचायला लागले. अकरा वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. फेटा सुटला तरी ते थांबेनात.

बंगळुरूत ज्योत्स्ना मीटिंगमध्ये होती. मोबाइल थरथरला म्हणून तिने पाहिलं. नानांची नाडी, एकशे बावन्न. पावलं, चौदा हजार. नकाशावर ठिकाण, फैजपूर. छातीत स्प्रिंग असलेले नाना, गुडघा सुजलेले नाना, कालपर्यंत पाचशे पावलं चालणारे नाना, भर दुपारी फैजपुरात धावत होते.

तिने नानांच्या मोबाइलवर फोन लावला. उचलला नाही. आईला लावला. तोही नाही. तिने घड्याळावर लावला. नाचता नाचता चुडामणभाऊंचं बोट कुठेतरी लागलं आणि फोन सुरू झाला.

"नाना! नाना, कुठे आहात?"

पलीकडून ढोल, त्यात कुणाचं तरी "हॅ... हॅ... हॅ..." असं धापा टाकणं, आणि मग सगळं बंद.

त्या वेळी तोताराम बनियनवर, कूलरपुढे, गाढ झोपलेले होते. दुपारची झोप मोडू नये म्हणून त्यांनी मोबाइल मुका करून ठेवला होता. सुगंधाबाई गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या आणि त्यांचा मोबाइल खाली पिठाच्या डब्यावर वाजत होता.

ज्योत्स्नाने फैजपूरला चुलतभाऊ कुंदनला फोन केला. "कुंदन, नाना तुझ्या गावात आहेत. त्यांना काहीतरी होतंय. पळ!" आणि ती स्वतः बॅग उचलून विमानतळाकडे निघाली.

कुंदन केळीचा ट्रक भरत होता. तो तसाच मोटरसायकलवरून वरातीत घुसला. काका कुठेच दिसेनात. पण नाचणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या मनगटावर काकांचं घड्याळ दिसलं. काळा पट्टा आणि त्यावर काकूने ओळखू यावं म्हणून बांधलेला लाल दोरा. कुंदनने ते मनगट धरलं.

"हे माह्या काकाचं घड्याळ हाये! काका कुठी?"

चुडामणभाऊंना बोलण्याइतका श्वास उरला नव्हता. जरा थांब, दम घेऊ दे, असं सांगण्यासाठी त्यांनी एक हात वर केला.

कुंदनने वर पाहिलं. वर आभाळ होतं. तो रस्त्यातच खाली बसला.

"कधी?" त्याने रडवेल्या आवाजात विचारलं. "कधी गेले?"

शेवटी बँडवाल्यांनीच दोघांना मांडवात सावलीला नेऊन बसवलं. दोघांना पाणी पाजलं. तेवढ्यात कुंदनने रडत रडत ज्योत्स्नाला फोनही करून टाकला. चौथ्या पेल्यानंतर चुडामणभाऊंना वाचा फुटली.

"तोताराम घरी झोपेल हाये."

"मंग घड्याळ तुमच्याकडे काहून?"

"मी त्याच्यासाठी बसतो."

"बसतो म्हंजे?"

"म्हंजे बसायचं काम माह्याकडे हाये," चुडामणभाऊ म्हणाले. आणि थोडं ओशाळून पुढे म्हणाले, "आज जरा चुकलं."

साडेचारला तोताराम जागे झाले. मोबाइल पाहिला. ज्योत्स्नाचे एकतीस फोन येऊन गेले होते.

त्यांना आधी आनंदच झाला. एकतीस! एका दिवसात! मग एकतीस कशासाठी, हे डोक्यात आलं आणि त्यांनी लगबगीने फोन लावला.

"नाना," ती एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. कुंदनने तिला तोवर सगळं सांगितलेलं होतं. रडणं ओसरलं तशी ती चिडली. "लाज नाही वाटत? पाच मिनिटं तुम्ही गेलात असं समजून होते मी! घड्याळ दुसऱ्याला घालायचं? कशासाठी? डॉक्टरांना फसवायचं होतं की मला?"

तोताराम पट्ट्याच्या जागी मनगट चोळत राहिले. सुगंधाबाई ओल्या हातांनीच पुढे आल्या आणि त्यांनी मोबाइल काढून घेतला.

"रागावू नको त्याह्यले. दहा हजार झाले का तू अंगठा दाखोते. कमी झाले का फोन करते. म्हनून कमी केले."

पलीकडे गाडीच्या भोंग्यांचा आवाज येत राहिला.

"आई, मी विमानतळाच्या रस्त्यावर आहे," ज्योत्स्ना म्हणाली.

सुगंधाबाईंनी तोतारामांकडे पाहिलं. मोबाइलचा आवाज मोठा असल्याने त्यांनाही ऐकू गेलं होतं. त्यांनी नकळत दाराकडे पाहिलं, जणू ती रिक्षातून उतरतेच आहे.

"ये ना मंग," सुगंधाबाई म्हणाल्या. "निघेलच हाये तर ये."

"आई... परवा काम पूर्ण करून द्यायची तारीख आहे गं. आज मीटिंगमधून उठून आले, तेच खूप झालं."

तोतारामांनी मोबाइल हातात घेतला. "परत फिर बेटा," ते म्हणाले. "मी एकदम ठणठणीत हाये. काम कर." त्यांचा आवाज अगदी नीट होता. फोन ठेवल्यावर ते उठून गच्चीवर गेले आणि नसलेल्या पावसासाठी कुरडया झाकत बसले.

त्या आठवड्यात सुगंधाबाईंनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि विचारलं, "दहा हजार कुणी सांगितलं तुम्हाला?"

"पोरीने."

"तिला घड्याळाने सांगितलं असेल. अहो, दहा हजार हा काही डॉक्टरांनी काढलेला आकडा नाही. जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं होतं, त्याच्या जाहिरातीतून तो आला. तुम्ही पाच-सहा हजार चाला, जमेल तसं. आणि घड्याळ थोडंफार चुकणारच."

घरी येऊन तोताराम मोबाइलवरच्या घड्याळाच्या ॲपमध्ये दहाचे सहा हजार करायला बसले. आजवर त्यांनी ते पान कधी उघडलंच नव्हतं. आकडा बदलताना खाली बोट गेलं आणि त्यांच्या नावाखाली दुसरं नाव दिसलं. ज्योत्स्ना. तिच्याही मनगटावर तसंच घड्याळ होतं. समोर पावलं, नऊशे बारा. आदल्या दिवशी आठशे चाळीस. त्याच्या आधी अकराशे. त्याखाली झोप, चार तास पन्नास मिनिटं. महिनाभर मागे गेले तरी तेच. पोरगी खुर्चीतून उठतच नव्हती. सगळं त्यांच्या मोबाइलवर रोज येत होतं आणि ते बापडे साडेसातची वाट पाहत बसले होते.

त्यांनी लगेच फोन लावला.

"नऊशे?" ते ओरडले. "चुडामणभाऊपेक्षा जरासेच जास्त! जेवाले तरी उठते का नाही?"

"नाना, तुम्ही माझं बघता?" ज्योत्स्नाच्या आवाजात इतकं नवल होतं की तोताराम पुढचं रागवायचं विसरले.

तेव्हापासून साडेसातचा फोन पिंप्राळ्यातून जायला लागला. तोताराम आधी आकडा वाचून दाखवायचे, मग रागवायचे, मग भाजी विचारायचे. हळूहळू तिची पावलं दोन हजारांवर गेली, मग चारवर. एका शनिवारी तिने सात हजार केले. तोताराम इतके खूश झाले की त्यांनी फोन करायच्या ऐवजी, बोटाने शोधून शोधून, एक पिवळा अंगठा पाठवला.

रविवारी संध्याकाळी त्यांनी पाहिलं, तर तिची पावलं एकशे चार.

"अवो, आजारी पडली का काय!" ते म्हणाले आणि त्यांनी घाईघाईने फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"काय झालं बेटा? आज एकशे चारच?"

"हो ना नाना," ज्योत्स्ना म्हणाली. "आज दिवसभर घरीच बसून आहे. उठवतच नाहीये."

तिला चांगलाच दम लागला होता. मागे कुणीतरी मोगऱ्याचे गजरे विकत ओरडत होतं. एक बस भोंगा वाजवत अगदी जवळून गेली.

तोताराम ऐकत गालातल्या गालात हसले. सुगंधाबाई खुणेने काय झालं म्हणून विचारत होत्या. त्यांनी हातानेच त्यांना जवळ बसायला सांगितलं आणि मोबाइलचा आवाज मोठा केला.

"बरं, बरं. बसूनच राय," ते म्हणाले. "अजिबात घाई करू नको. सांग, दुपारी काय जेवली?"