कुणी पाहिलं नाही

"पडलास? कुणी पाहिलं? नाही ना? मग पडलाच नाहीस. ऊठ, माती झटक."

हा आईचा आवाज. आईला जाऊन एक जमाना लोटला होता. पण न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर उताणे पडलेल्या तराजूकाकांच्या कानात तो जसाच्या तसा वाजला. आई नुसतं बोलून थांबायची नाही. खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकर घालत गुणगुणायची,

"पडलं माझं बाळ, भुईनं झेलून घेतलं,
वाऱ्याला नाही कळलं, कुणा नाही सांगितलं."

भुईनं झेलून घेतलं होतं खरं, पण आता ती सोडायला तयार नव्हती.

तराजूकाका वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. बाजारपेठेतले खोटे तराजू पकडण्यात हयात गेली, म्हणून गल्लीनं हे नाव ठेवलं. आता त्यांचाच काटा हलला होता. उभं राहिलं की सगळं घर एका अंगाला कलायचं, आणि त्याला सावरायला म्हणून काका दुसऱ्या अंगाला कलायचे.

आवाज ऐकून काकू दारात आल्या. काकूंना विसरण्याचा आजार होता. घेतलेला चहा त्या घेतलाच नाही म्हणत. नवऱ्याला कधी नवरा म्हणून ओळखत, कधी विजेचं मीटर बघायला आलेला माणूस म्हणून. पण कुणी खाली दिसलं की हात पुढे करायचा, हे त्यांच्या हातांना पाठ होतं. त्यांनी हात दिला, काका उठले.

"सांगू नकोस हं कुणाला."

"काय?"

"काही नाही."

"बरं."

काका निर्धास्त झाले. या तिजोरीला कुलूप कशाला लावायचं? तिला तळच नव्हता.

पण पडताना काकांनी आरशाची फळी धरली होती, आणि तीही खाली आली होती. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आवाज ऐकून लेकीला फोन केला. लेक ऑफिस टाकून धावत आली.

"बाबा, कोण पडलं?"

'मी' म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: मग आईला कोण बघणार? आणि त्याचं उत्तरही ठरलेलं. लेक बरेच दिवस काकूंसारख्यांना सांभाळणाऱ्या एका संस्थेचं नाव काढत होती. चांगली बाग आहे म्हणे. माणसं प्रेमळ आहेत म्हणे.

"तुझी आई," काका म्हणाले.

"अगं बाई! आणि तुमच्या कपाळाला हे टेंगूळ?"

"तिला सावरताना लागलं."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती करता हो तुम्ही तिचं!"

काकांनी मान खाली घातली. लेकीला तो विनय वाटला.

आठवडा उलटायच्या आत घरी फिजिओथेरपिस्ट येऊ लागली. तरुण पोरगी, पण आवाज हेडमास्तरणीचा. पिशवीत स्पंजची जाड गादी, मऊ चेंडू आणि कमरेला बांधायचा पट्टा.

"आजोबा, आजींना तोंडी सांगून उपयोग नाही. शब्द हातातून निसटतात त्यांच्या. पण बघून शरीर शिकतं. तुम्ही समोर उभे राहा आणि करून दाखवा."

"मी?"

"मग कोण? तुमच्याशिवाय त्या कुणाकडे बघतात तरी का?"

हे मात्र खरं होतं. मीटरवाला असो वा नवरा, काकूंची नजर त्या एकाच माणसामागे फिरायची.

एका पावलासमोर दुसरं पाऊल, टाचेला अंगठा टेकवून उभं राहायचं. काका राहिले. घर कललं. दोन्ही हात हवेत गरगरले आणि कपाटाच्या कडीला जाऊन लटकले. "अगं आई गं!" काका म्हणाले.

काकूंनी सगळं नीट पाहिलं. पावलासमोर पाऊल ठेवलं, हात गरगर फिरवले, कपाटाची कडी धरली आणि म्हणाल्या, "अगं आई गं!"

मग स्पंजची गादी. काका तिच्यावर चढले आणि धप्पकन मागच्या खुर्चीत बसले. काकू चढल्या, धप्पकन बसल्या, आणि पैकीच्या पैकी मार्क मिळाल्यासारख्या काकांकडे बघून हसल्या.

"आजोबा," पोरगी भुवया आक्रसून म्हणाली, "तुम्हालाही एकदा तपासू का?"

"मला काय धाड भरलीय?"

पोरीनं लेकीला कळवलं, आजींचा तोल बिघडत चाललाय.

काकांनी मनावर घेतलं. दुपारी काकू झोपल्या की ते चोरून सराव करू लागले. सराव पडण्याचाच होत होता. धप्प झालं की काकू उठून येत, हात देत. "सांगू नकोस हं." "बरं." हे रोजचंच झालं. काकूंच्या हाताला मात्र दिवसेंदिवस जोर येत होता. गुडघ्यात वाकून, पाठ ताठ ठेवून, थेट पोरीनं शिकवल्यासारख्या त्या नवऱ्याला वर ओढत. काकांच्या अंगावर काळेनिळे डाग उमटले. काकूंच्या अंगावर ओरखडा नव्हता.

"बघा," लेक शेजारणीला सांगे, "सगळं स्वतःवर झेलतात."

एकदा काका औषधाच्या दुकानात गेले होते, तेव्हा पोरीनं स्वतःच समोर उभं राहून व्यायाम दाखवला. काकू गादीवर एका पायानं बगळ्यासारख्या उभ्या राहिल्या. वर चेंडूही झेलला.

पोरीनं लेकीला फोन केला. "माझ्यासोबत आजी छान करतात. आजोबा समोर असले की कोसळतात. आजोबांचं काहीतरी बिनसलंय, पण ते मला हात लावू देत नाहीत."

लेकीनं त्यातून आपल्याला हवं ते काढलं. "बाबा थकलेत. आई त्यांच्याजवळ सुरक्षित नाही." आणि ती संस्थेत जाऊन जागा पक्की करून आली.

"मग मीही येतो तिथं," काका म्हणाले.

"बाबा, ते धडधाकट माणसांना घेत नाहीत हो."

पारड्याखाली मेण चिकटवणारे किती दुकानदार त्यांनी पकडले होते. 'साहेब, एवढंसंच आहे हो,' असं सगळेच म्हणत. काका कुणालाही सोडत नसत.

जायच्या दिवशी गाडी फाटकाशी लागली. लेक काकूंच्या कपड्यांची बॅग घेऊन पुढे. पोरगी मुद्दाम आली होती, काकूंच्या कमरेचा पट्टा धरून. काकू कठड्याला हात लावून राणीसारख्या ताठ उतरल्या. मागून काका निघाले. काकूंचा स्वेटर खुंटीवरच राहिला होता, तो छातीशी धरून.

शेवटची पायरी त्यांना दिसली नाही.

धप्प!

लेकीनं किंकाळी फोडली, बॅग टाकली आणि धावत जाऊन आईला धरलं. "आई! लागलं का गं? कुठं लागलं?"

काकू खांबासारख्या उभ्या होत्या. मग लेकीला जमिनीवरचे बाबा दिसले.

"बाबा! तिनं ओढलं ना तुम्हाला? तरी मी म्हणत होते!"

खोटं आयतं पुढ्यात आलं होतं. फक्त मान हलवायची होती. काका उताणे पडून बघत राहिले. ड्रायव्हर, पोरगी, खिडकीतल्या बाई. सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी कुणाला दिसलं नव्हतं. आईचा आवाज काही केल्या येईना.

"नाही," काका म्हणाले. "पडतो मी. न्हाणीघरातही मीच पडलो होतो. तुझी आई एकदाही पडलेली नाही. दर वेळी तिनंच उचललंय मला."

लेकीनं आईला धरलेला हात सोडला.

काकूंनी कमरेच्या पट्ट्यावरचा पोरीचा हात हळूच काढला. एक पाऊल पुढे टाकलं, गुडघ्यात वाकल्या, पाठ ताठ ठेवून हात पुढे केला. काका उठले. त्यांच्या सदऱ्यावरची माती काकूंनी झटकली. मग त्यांच्या कानाशी वाकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजल्या,

"मी नाही हं सांगितलं कुणाला."