खानझोडेचा बोलपट

खानझोडे इंग्रजी सिनेमाचा आवाज पार बंद करायचा आणि सगळ्या पात्रांचे संवाद स्वतःच बोलायचा. मराठीत, आणि तेही नागपूरच्या. त्यामुळे लंडनचा इन्स्पेक्टर रेनकोटची कॉलर वर करून संशयिताला विचारायचा, "काय बे, खोटं बोलून राहिला?"

परदेशातल्या या बर्फाळ रिचमंड हिलला आम्ही शेजारी, ऑफिसही एकच. तिथे हा माणूस दिवसभरात "शुअर" आणि "विल डू" यापलीकडे तोंड उघडत नसे. लग्न केलेलं नाही, म्हणजे घरीही आनंदच. एकदा बर्फ उपसायचं फावडं मागायला गेलो तर बेसमेंटमधून तिघाचौघांचं कडाक्याचं भांडण ऐकू आलं. मी चाटच पडलो. खाली बघतो तर टीव्हीशेजारी हा एकटा हातवारे करत उभा, आणि सोफ्यावर ब्लँकेट गुंडाळून त्याची आई.

काकू नुकत्याच नागपूरहून आल्या होत्या. इंग्रजीचा गंध नाही, बाहेर गुडघाभर बर्फ. "मला परत पाठव रे बाप्पा," एवढाच धोशा. मग खानझोडेने लायब्ररीच्या सेलमधून एक जुनी डीव्हीडी आणली. महायुद्धानंतरचा कुठलासा ब्रिटिश खुनाचा सिनेमा, जेमतेम तासाभराचा. निर्मात्याची परिस्थिती बेताचीच असावी. दार आपटलं की पोलीस ठाण्याची भिंत हलायची, आणि तीच भिंत पुढे फक्त फोटो बदलून खून झालेल्या माणसाच्या घरात यायची.

खानझोडेला त्याचं काय! त्याने लंडनच्या धुक्यात काटोलच्या संत्र्यांच्या बागेचा वाद घुसवला. फरकोटवाली बाई मावसबहीण झाली. हीरोने हिरॉइनला जवळ घेतलं की हा घाईघाईने म्हणे, "ताप पाहून राहिला." खुनी सापडणार इतक्यात टीव्ही बंद! "बाकीचं शुक्रवारी, आई." शुक्रवारी तोच सिनेमा पहिल्यापासून, दुसरा भाग म्हणून. मेलेला माणूस परत चालताना दिसला की, "हा त्याचा जुळा भाऊ." काकूंनी तिकिटाचं नाव काढलं की विचारायचा, "खुनी न पाहताच जाशील?" काकू पुन्हा ब्लँकेटमध्ये.

मला मात्र चीड यायची. म्हाताऱ्या बाईला असं बनवायचं म्हणजे काय? एका शुक्रवारी हा वर चहा टाकायला गेला आणि मला राहवेना. म्हटलं, "काकू, सिनेमा एकच आहे हो. हा तुम्हाला गुंडाळतोय."

"माहीत आहे ना बाप्पा," काकू म्हणाल्या. "तोच टोपीवाला, तेच दार. मी काय आंधळी आहे?"

"मग बघता कशाला?"

त्यांनी जिन्याकडे पाहून आवाज खाली आणला. "लहानपणी याचं तोंड बंद होत नव्हतं. इथं आली तं पोरगा जेवतानाही शब्द बोलेना. मी घाबरूनच गेली. आता शुक्रवारी तासभर तरी बोलते. खुनी सापडला तं पुन्हा चूप होऊन जाईल."

मी सोफ्याच्या टोकाला बसलो.

खानझोडे चहा घेऊन खाली आला. काकूंनी ब्लँकेट सारखं केलं आणि अगदी भोळ्या चेहऱ्याने विचारलं, "दिगू, त्या इन्स्पेक्टरला आई आहे का रे?"

खानझोडेने ट्रे खाली ठेवला. हा प्रश्न त्याला नवा होता.

"आहे ना," तो म्हणाला. "त्याच्याकडेच राहायला आली आहे."

"मग राहू दे तिला थोडे दिवस," काकू म्हणाल्या. "एवढ्यात नको धाडू."