सासूबाईंच्या नामदिवसाची बॅट

व्हेंडेलिनने नवी बॅट मागवली त्याला कारण एकच: गेजा. पलीकडच्या खोऱ्यातल्या क्लबातला हा न्हावी गेली नऊ वर्षं त्याला टेबल टेनिसमध्ये हरवत होता, आणि तेही च्युइंगम चघळत. यंदा कर्णधार इग्नाट्सने स्पष्टच सांगितलं, "व्हेंडो, रविवारी हरलास तर पुढच्या वर्षी तू खेळायचं नाही. गुण मोजायला बसायचं."

चाळिशीतल्या बाप्यावर अशी वेळ आली की तो सराव तरी करतो, नाहीतर खरेदी. सरावाने घाम येतो. (व्हेंडेलिन पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होता. घामाशी त्याची तोंडओळखच होती.)

गुरुवारी पार्सल आलं. आत नुसतं लाकूड. पाच थरांचं, मूठ असलेलं. रबर आपलं आपण चिकटवायचं. जाणकार म्हणे असंच घेतात. व्हेंडेलिन जाणकार नव्हता, पण निर्धार दांडगा. त्याने जुन्या बॅटचं रबर खसाखसा सोलून काढलं, म्हणजे माघारीची वाटच बंद, आणि नवं लाकूड स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून तो शेजारी गोंद आणायला गेला. शेजाऱ्याने आधी एक पेला पाजला, मग दुसरा, आणि शेवटी गोंद दिला.

परत येतो तो घरभर वाफ. सासूबाई दोरोताबाई उकळत्या पातेल्यापाशी उभ्या. डाव्या हातात नवी बॅट, बॅटवर किसलेल्या बटाट्याचं ओलं पीठ, उजव्या हातात सुरी, आणि पिठाचे गोळे सपासप पाण्यात पडताहेत. हलुश्की अशाच करतात, मूठ असलेल्या लाकडी फळीवरून.

"आई! अहो, हे काय..."

"जावईबापू!" सासूबाईंचे डोळे पाणावले होते. (कांदाही शेजारीच चिरलेला होता.) "अकरा वर्षांत पहिल्यांदा माझा नामदिवस लक्षात ठेवलात हो! आणि फळी तरी काय निवडलीत! हलकी, गुळगुळीत. माझी जुनी चिरलीय हेसुद्धा पाहिलंत!"

व्हेंडेलिनने कॅलेंडरकडे पाहिलं. सहा फेब्रुवारी, आणि प्रत्येक तारखेखाली एकेक नाव असतं तसं खाली ठसठशीत अक्षरांत नाव: दोरोता. (त्या नावाच्या माणसांचा तो जणू दुसरा वाढदिवसच.) त्याने बायकोकडे पाहिलं. वियेराने डोळे वटारले. एक शब्द बोललास तर याद राख, असा त्याचा अर्थ होता.

"नामदिवसाच्या शुभेच्छा, आई," तो म्हणाला आणि मुकाट्याने दोन ताटल्या हलुश्की खाल्ल्या. खरं सांगायचं तर इतक्या छान त्या घरात कधी झाल्याच नव्हत्या.

दुसरा एखादा असता तर नाद सोडला असता. पण रविवारी सकाळी सासूबाई चर्चला गेल्या आणि व्हेंडेलिनने फळी उचलली.

"लाज नाही वाटत?" वियेरा म्हणाली. "ती देवाच्या दारात गेलीय आणि तू तिची फळी चोरतोस!"

"माझी बॅट आहे ती! मॅच झाली की रबर काढून जागेवर ठेवतो. त्यांना पत्ताही लागणार नाही."

लाकूड जरा फुगलं होतं आणि रेषांमध्ये पीठ वाळून बसलं होतं. त्याने खरवडलं, गोंद लावला, रबर चिकटवलं, वर जाडजूड शब्दकोश ठेवला आणि त्यावर स्वतः तासभर बसून राहिला.

आणि काय सांगावं, बॅट चालली! चेंडू कुठे जाईल ते गेजाला कळेना. (व्हेंडेलिनलाही कळत नव्हतं, पण तो तसं दाखवत नव्हता.) दोन-दोन गेम झाले. पाचव्यात दहा-नऊ, व्हेंडेलिन पुढे. एकच गुण हवा. गेजाने चक्क च्युइंगम थुंकलं.

तेवढ्यात शाळेच्या हॉलचं दार उघडलं आणि दोरोताबाई आत आल्या. हातात संघासाठी हलुश्कीचं पातेलं, मागे कपाळाला हात लावलेली वियेरा.

गेजाचा चेंडू उंच आला. व्हेंडेलिनने नऊ वर्षांचा राग एकवटून फटका हाणला. चेंडू जाळीत अडकला. लाल रबर मात्र जाळीवरून पार झालं आणि गेजाच्या गालावर जाऊन बसलं.

"दहा-दहा," पंच म्हणाला.

"अगं बाई, माझी फळी!" सासूबाई म्हणाल्या.

व्हेंडेलिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, चुकलो. ती बॅटच होती. तुमचा नामदिवस मला आठवतच नव्हता."

"ते मला गुरुवारीच कळलं. मुठीवर 'आक्रमक खेळाडूंसाठी' असं छापलंय. सासूला असली भेट कोण देतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"फळी आवडली होती."

व्हेंडेलिनने इग्नाट्सची बॅट मागून घेतली आणि पुढचे दोन्ही गुण रीतसर घालवले. मग सगळे पातेल्याभोवती बसले. गेजाने ते लाकूड हातात घेतलं, टिचकी मारून कानाशी धरलं.

"लाकूड पहिल्या दर्जाचं आहे, व्हेंडो," तो भरल्या तोंडाने म्हणाला. "हात तेवढा बदलायला हवा."

"गुरुवारी बदलला होता," सासूबाई फळी पिशवीत टाकत म्हणाल्या. "एकही गोळा पातेल्याबाहेर गेला नाही."