राणीची दाढ

"अगं, राणीची दाढ कुठाय?"

नुकत्याच छापून आलेल्या कादंबरीची पानं चाळताना संपादकबाईंनी विचारलं आणि धाकटीचा चहा बशीत हिंदकळला. प्रकाशनाच्या कचेरीत ती सगळ्यांत नवी, म्हणून धाकटी. नोकरी अजून कायम व्हायची होती.

कादंबरी एका निवृत्त दंतवैद्यांची. जगबुडीनंतर करडं धुकं पसरतं, माणसं सगळं विसरतात. ज्याची अक्कलदाढ शाबूत, त्यालाच काय ते आठवतं. नायकाची किडलेली. त्यामुळे दर प्रकरणात तो नव्याने जागा होऊन विचारतो, "मी कोण?" चौथ्या प्रकरणापर्यंत वाचकालाही तोच प्रश्न पडतो. जगबुडीच्या गोष्टी म्हणजे धाकटीचा जीव की प्राण! हे काम तिने हट्टाने मागून घेतलं होतं आणि पहिल्या आठवड्यातच तोंड पाडून बसली होती.

दंतवैद्य शिस्तीचे. प्रत्येक प्रकरण बरोबर सोळा पानांचं, म्हणजे छपाईचा एकेक फर्मा. बांधणीआधी फर्मे क्रमाने लागलेत ना, हे धाकटीने बघायचं होतं. कंटाळून तिने पानांचे आकडे सोडले आणि नुसती पहिली ओळ बघितली. ती सगळीकडे एकच होती: "तो जागा झाला. समोर धुकं होतं." परिणामी आठवा फर्मा दोनदा लागला आणि नववा गायब! नायक राणीची दाढ उपटतो ते प्रकरण नेमकं नववं.

"सगळ्या प्रतींत?"

"सगळ्या."

"लेखकाकडे गेल्या?"

"सकाळीच."

"मग माझं तोंड काय बघतेस? त्यांनी वाचायच्या आत परत आण. नाहीतर मला दुसरी मुलगी शोधावी लागेल."

दंतवैद्यांच्या घराचं दार त्यांच्या बायकोने, काकूंनी उघडलं. आत दंतवैद्य आरामखुर्चीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पुस्तक निम्म्याच्या पुढे उघडलेलं.

"काका, ते पुस्तक जरा..."

"थांब! आठवं प्रकरण संपलं, पान उलटलं, तर पुन्हा आठवं!"

धाकटीने डोळे मिटले.

"म्हटलं, हे मघाशी वाचलं की काय? मागे गेलो, पुढे आलो, घाम फुटला. मग उजेड पडला. अगं, तुम्ही वाचकाचीच स्मृती घालवलीत! मला मेल्याला हे कसं सुचलं नाही?"

"पण काका, चूक..."

"चूक माझीच. मी नुसतं लिहिलं, तू घडवून आणलंस."

धाकटीला राहवेना. "पण राणीची दाढ..."

मागून काकूंनी तिचं मनगट असं आवळलं की वाक्य तिथेच तुटलं.

"राणी? दहाव्या प्रकरणात ठणठणीत आहे की!" म्हणत दंतवैद्यांनी फोन उचलला. "बाई, तुमची ही मुलगी हिरा आहे. हिला कुठे जाऊ देऊ नका."

धाकटीने भिंतीला पाठ टेकली.

काकू तिला पोचवायला फाटकापर्यंत आल्या.

"सोळा पानं, एका दाढेला! मी सांगून थकले, जन्मभर लोकांचे दात उपटलेत, त्या बिचारीला तरी सोडा. ऐकतील तर शपथ! देवासारखी धावलीस बाई."

"पण काकू, दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी त्यांना आठवलं तर?"

"दुसरी आवृत्ती?" काकूंनी विचारलं.

दोघींची नजरानजर झाली. मग दोघींनीही एकदमच सुटकेचा श्वास सोडला.