भिंगरीला न लागलेली भूक

एका जंगलात, बाळांनो, शर्यतींचं भारी खूळ शिरलं होतं. ज्याला धड चालता येत नसे, तोही तिथे धावण्यावर भाषण ठोकी.

त्या जंगलात भिंगरी नावाची एक हरिणी होती. यंदाच्या शर्यतीत जी पहिली येईल, तिच्या कळपाला उन्हाळाभर नदीकाठचं हिरवं कुरण मिळणार होतं. गेल्या उन्हाळ्यात भिंगरीच्या कळपाने वाळक्या काटक्या चघळून दिवस काढले होते. म्हणून ती जीव तोडून सराव करी.

तिचे प्रशिक्षक होते गवेसर. जातीने गवा. स्वतः कधी धावले नव्हते, पण शिट्टी फार झकास वाजवायचे. ते तिला उंच डोंगराच्या माथ्यावर पळवत. तिथली हवा इतकी विरळ, की श्वासासाठीही रांग लावावी लागे.

"सर, भूक लागलीय," एकदा धावून झाल्यावर भिंगरी म्हणाली.

"नाही लागली," गवेसर म्हणाले.

"अहो, पोट माझं आहे!"

"पण शास्त्र माझं आहे. विरळ हवेत जोरात धावलं की भूक मरते. आम्ही प्रयोग केलाय."

"कुणावर?"

"काळविटांवर. धावून आले आणि गवताकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही."

"ते नर, सर. मी मादी."

"मादी म्हणजे काय गं, बिनशिंगांचा नरच की! आणि माद्यांवर प्रयोग करायचा म्हणजे त्यांना विचारत बसावं लागतं. एवढा वेळ कुणाला आहे?"

"पोटात कावळे ओरडतायत हो!"

"ए बाई, आमचं नाव मध्ये घेऊ नकोस," फांदीवरचा कावळा गुरकावला. "आम्ही सरांच्या बाजूने आहोत."

भिंगरीच्या वाट्याचा चारा मग गवेसरच संपवत. भूक नसलेल्यापुढे अन्न ठेवणं हा अन्नाचा अपमान, असं त्यांचं मत होतं. भिंगरीच्या बरगड्या दिसू लागल्या. सर म्हणाले, "वा! काय हलकी झालीस!"

शर्यतीचा दिवस उजाडला. निम्म्या वाटेतच भिंगरीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. आता बसते की काय, तोच वाऱ्यावर कोवळ्या गवताचा वास आला. शर्यत त्याच कुरणात संपणार होती ना! मग काय विचारता. ती अशी सुटली, की सगळ्यांच्या आधी पोचली आणि थेट गवतात तोंड खुपसून उभी राहिली.

गवेसर वारुळावर चढले. "पाहिलंत? ही आमच्या पद्धतीची कमाल!"

"खोटं!" असं भिंगरीला ओरडायचं होतं. पण तोंडात गवत.

"बघा, आनंदाने शब्द फुटत नाहीये बिचारीला!" सर म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

कुरण भिंगरीच्या कळपालाच मिळालं. पण कळपातल्या साऱ्या हरिणींना आता सरांच्या पद्धतीने डोंगरावर धावावं लागतं. खाली आल्यावर त्यांना भूक नसते, हे सिद्धच झालेलं आहे. तेव्हा कुरणात गवेसर एकटेच चरतात.

तात्पर्य : उपाशीपोटी हरलात तरी चालेल, पण चुकूनही जिंकू नका. जिंकलात, की तुमच्या उपासमारीचं शास्त्र होतं.